भरपाईकडून प्रतिबंधाकडे : कारखानदारांना लाभलेल्या सल्ल्याची दीडशे वर्षे

उद्योगधंद्याचा इतिहास लिहिताना भांडवल, यंत्रसामग्री, उत्पादन आणि नफा यांची नोंद सविस्तर होते. त्याच यंत्रांवर राबताना कोणाचा हात गेला, कोणाचा डोळा गेला आणि कोणाचे घर उघडे पडले, ही नोंद मात्र बहुधा ताळेबंदाबाहेर राहते. वास्तविक कारखान्यातील अपघात हा कामगाराच्या कुटुंबावर कोसळणारा आघात असतोच. परंतु मालकाच्या व्यवहारबुद्धीची आणि विवेकाचीही ती कसोटी असते. अपघात घडल्यावर काय करावे, आणि तो घडूच नये म्हणून आधी काय करावे, हे दोन प्रश्न प्रत्येक मालकापुढे उभे राहतात. त्यांची उत्तरे देणारी व्यवस्था भारतात कशी निर्माण झाली, याचा आढावा उद्बोधक आहे. या व्यवस्थेने भरपाईच्या हिशोबापासून प्रतिबंधाच्या विचारापर्यंत मोठा प्रवास केला; परंतु ज्या लहान मालकाला सल्ल्याची सर्वाधिक गरज, त्याच्यापर्यंत तो सर्वांत शेवटी पोहोचला, हेच या इतिहासाचे सार आहे.

गिरण्यांचा उदय आणि पहिला कायदा

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची कापडगिरणी १८५६ मध्ये मुंबईत ताडदेव येथे सुरू झाली. पुढील दोन दशकांत मुंबईच्या आकाशात गिरण्यांची धुराडी वाढत गेली आणि १८७५ मध्ये गिरणीमालकांचा संघ स्थापन झाला. त्याच वर्षी गिरण्यांतील कामाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने एक आयोग नेमला. आयोगाच्या सदस्यांत एकमत झाले नाही आणि कायदा लांबणीवर पडला. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये स्वतः एका विधेयकाचा मसुदा तयार करून हा विषय पुढे रेटला.

अखेर १८८१ मध्ये भारताचा पहिला कारखाना कायदा संमत झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई, धोकादायक यंत्रांना कुंपण आणि अपघाताची सरकारला खबर, अशा तरतुदी त्यात होत्या. लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावामुळे हा कायदा आला, अशी शंका त्या काळी अनेक देशी पुढाऱ्यांना आणि वृत्तपत्रांना वाटत होती. त्या शंकेला आधारही होता. तथापि यंत्राच्या पट्ट्यात धोतराचा सोगा अडकून माणूस ओढला जात होता, हे वास्तव त्या शंकेने बदलत नव्हते.

या टप्प्यावर मालकाला सल्ला देणारा एकच सरकारी माणूस होता, तो म्हणजे निरीक्षक. हा निरीक्षक प्रामुख्याने दोष शोधण्यासाठी येई; उपाय सुचविणे हे त्याचे दुय्यम काम होते. साहजिकच मालकाच्या मनात त्याच्याविषयी विश्वासापेक्षा धास्तीच अधिक राहिली. ही धास्ती पुढे अनेक पिढ्या टिकली.

लोखंडे यांची पाचवी मागणी

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव रविवारच्या सुटीशी जोडले गेले आहे आणि ते यथार्थच आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. परंतु सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभेत जे निवेदन मंजूर झाले, त्यातील शेवटच्या मागणीकडे फारसे लक्ष जात नाही. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या असलेल्या त्या निवेदनात साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती, कामाचे तास आणि वेळेवर पगार या मागण्यांबरोबरच आणखी एक मागणी होती. गिरणीत काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती.

काळाच्या संदर्भात ही मागणी किती पुढची होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जर्मनीचा अपघात विमा कायदा त्याच १८८४ सालचा. इंग्लंडमध्ये कामगार भरपाईचा कायदा १८९७ मध्ये आला. भारतात तेव्हा १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा होता. परंतु त्याखाली दाद मागायची तर मृताच्या वारसांना दुसऱ्याची चूक न्यायालयात सिद्ध करावी लागे. गिरणीतल्या निरक्षर कामगाराच्या विधवेला ते शक्य नव्हते. लोखंडे यांच्या मागणीला कायद्याचे रूप येण्यास जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली.

१९२३ : दोष कोणाचा, हा प्रश्न मागे पडला

कामगार भरपाई कायदा १९२३ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. या कायद्याने एक मूलभूत पालट घडविला. मालकाची चूक होती की नव्हती, हा प्रश्न गौण ठरला. इजा नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाली असेल तर भरपाई देणे मालकावर बंधनकारक झाले. दारूच्या अंमलात असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे किंवा यंत्राचे संरक्षक आवरण मुद्दाम काढणे, असे मोजके अपवाद ठेवले गेले. अशा कारणाने मृत्यू ओढवला तरी वारसांची भरपाई नाकारता येऊ नये, ही दुरुस्ती पुढे झाली.

मूळ कायद्यातील रकमा आज वाचताना मन अस्वस्थ होते. प्रौढ कामगाराच्या मृत्यूबद्दल तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांतील कमी असेल ती रक्कम. संपूर्ण व कायम अपंगत्वासाठी बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, यांतील कमी ती रक्कम. अवयवांचे मोलही परिशिष्टात टक्क्यांनी मांडले गेले. उजवा हात कोपरापासून वा त्यावर गेला तर कमाईची शक्ती ७० टक्के घटली असे मानावे. डावा हात तसाच गेला तर ६० टक्के. एक डोळा ३० टक्के. अंगठा २५ टक्के. तर्जनी १० टक्के. माणसाच्या देहाचा असा कोष्टकात हिशोब मांडणे कठोर वाटते खरे. परंतु त्यापूर्वी त्या अवयवाची किंमत व्यवहारात शून्य होती, हेही विसरता येत नाही.

विमा आणि दाव्यांचा सल्ला

या कायद्यामुळे मालकांसमोर नवाच प्रश्न उभा राहिला. मोठ्या अपघातानंतर एकाच वेळी अनेक दावे आले तर काय करावे? कोणता दावा देय आणि कोणता नाही? या गरजेतून भारतात मालकांसाठी संघटित सल्ल्याची सुरुवात झाली. मुंबईच्या गिरणीमालकांनी परस्पर विमा संस्था उभारली. सभासद गिरण्यांनी वर्गणी एकत्र करावी आणि त्या निधीतून कोणत्याही सभासदाकडील अपघाताची भरपाई भागवावी, असे परस्पर विम्याचे तत्त्व असते. एकाच्या गिरणीतील हलगर्जीपणाचा भार सर्वांच्या वर्गणीवर पडत असल्याने यंत्रांना आवरणे बसविण्याचा आग्रह अशा व्यवस्थेत आपोआप वाढतो. कोलकात्यात विमा कंपन्यांच्या वतीने दाव्यांचा निकाल लावणारे एक केंद्रीय कार्यालय काम करीत होते.

या व्यवस्थेचा लाभ निर्विवाद होता. दावे न्यायालयाबाहेर मिटू लागले आणि भरपाईच्या रकमेबद्दल एकवाक्यता आली. परंतु तिची मर्यादाही स्पष्ट होती. सल्ला दाव्याविषयीचा होता. अपघाताविषयीचा त्या मानाने फार थोडा. शिवाय तो संघटित मोठ्या उद्योगांपुरताच होता. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगात ना. म. जोशी हे कामगारांचे ज्येष्ठ कैवारी सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. कायद्याची माहितीच नसल्यामुळे अनेक कामगार भरपाई मागत नाहीत, हे चित्र त्यातून पुढे आले आणि १९३३ मध्ये कायद्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या.

विमा आणि सल्लागार यंत्रणेची उभारणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांची संख्या आणि गती वाढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याविषयीचा अहवाल १९४४ मध्ये सादर केला. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा या पायावर उभा राहिला. ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली आणि १९५४ मध्ये महाराष्ट्राच्या भूमीवरही आली. ज्या कामगाराचा हा विमा आहे, त्याच्या कामावरील इजेचा लाभ महामंडळ देते आणि त्या इजेपुरती मालकाची स्वतंत्र भरपाईची जबाबदारी राहत नाही. म्हणजे वर्गणी नियमित भरणारा मालक एका मोठ्या चिंतेतून मुक्त होतो.

१९४५ मध्ये केंद्र सरकारने कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय सुरू केले. या पदाच्या नावातील ‘सल्लागार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. याच कार्यालयाचा पुढे कारखाना सल्ला सेवा व श्रमसंस्था महासंचालनालयात विकास झाला आणि मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रमसंस्था उभी राहिली. १९४८ चा कारखाना कायदा १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. यंत्रांच्या आवरणांविषयी त्याने तपशीलवार नियम घातले. चालू यंत्राजवळ तेल घालणे वा पट्टा चढविणे अपरिहार्यच असेल, तर ते काम प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करावे, आणि हे कपडे मालकाने पुरवावेत, असे त्यात सांगितले गेले. सैल धोतराने घेतलेल्या बळींची आठवण त्या कलमामागे आहे.

४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. तिचे मुख्यालय प्रथमपासून मुंबईत, पुढे नवी मुंबईत राहिले. प्रशिक्षण, सुरक्षा तपासणी, भित्तिपत्रके आणि पुस्तिका यांच्याद्वारे ही परिषद उद्योगांना मार्गदर्शन करू लागली. १९७२ पासून ४ मार्च हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. या परिषदेच्या हाती खटल्याचा अधिकार नव्हता आणि हेच तिचे बळ होते. मालक तिच्याकडे भीती न बाळगता जाऊ शकत होता.

एका सुताराचा हात

कायद्याचा आत्मा समजून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७५ मधील एक निकाल पुरेसा आहे. चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करणारा एक सुतार पडून जखमी झाला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे पाहता ते अंशतः अपंगत्व होते. परंतु सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून त्या माणसाची कमाईची शक्ती पूर्णतः नष्ट झाली, असे मानून दिलेली भरपाई न्यायालयाने कायम केली. भरपाई देण्याची जबाबदारी निकालाच्या दिवसापासून सुरू होत नसून अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते, असेही सांगितले. मालकाने वेळेत रक्कम दिली नव्हती, म्हणून दंड व व्याज यांचा भारही त्याच्यावर पडला.

या निकालातून प्रत्येक मालकाने घ्यावयाचा बोध असा की, विलंब हाच सर्वांत महाग पडतो. एक महिन्याच्या आत भरपाई न दिल्यास व्याज आणि सबळ कारण नसल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड, अशी तरतूद १९५९ पासून कायद्यात होती. रकमेबद्दल वाद असला तरी जेवढी मान्य आहे तेवढी तात्काळ भरावी, असेही कायदा सांगत होता. विमा कंपनी भरपाई व व्याज देईल, परंतु दंड मालकालाच सोसावा लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये वाहन अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केले.

आणखी एक बाब अनेक सज्जन मालकांना अडचणीत आणणारी ठरली. कामगाराचा मृत्यू झाला की मालक सांत्वनाला जातो आणि घरच्यांच्या हाती काही रक्कम ठेवतो. ही कृती माणुसकीची आहे. परंतु मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी, परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जाणार नाही, असा नियम होता. मर्यादित आगाऊ रकमेचाच त्याला अपवाद होता. विधवा आणि अल्पवयीन मुलांचा वाटा दुसऱ्याच नातेवाइकाच्या हाती जाऊ नये, हा या नियमाचा हेतू होय. ज्याला हे सांगणारे कोणी नव्हते, त्या मालकावर एकाच अपघाताबद्दल दोनदा पैसे भरण्याची वेळ येऊ शकत होती. योग्य वेळी मिळालेल्या एका सल्ल्याचे मोल यावरून कळावे.

भोपाळनंतर

२ व ३ डिसेंबर १९८४ दरम्यानच्या रात्री भोपाळ येथे विषारी वायूची गळती झाली आणि हजारो निरपराध माणसे प्राणास मुकली. कारखान्याचा धोका त्याच्या भिंतीपाशी थांबत नाही, हे त्या रात्रीने दाखवून दिले. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात व्यापक दुरुस्ती झाली. कामगारांच्या सुरक्षेची काळजी घेणे हे कारखान्याच्या भोगवटादाराचे सर्वसाधारण कर्तव्य ठरले. धोकादायक उद्योगांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधित्वाची सुरक्षा समिती आली. धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातील लोकांना देणे बंधनकारक झाले. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने बाहेरील पीडितांसाठीही विम्याची सक्ती केली. भरपाईच्या विचारावर प्रतिबंधाच्या विचाराने मात केली, ती खऱ्या अर्थाने या टप्प्यावर.

लहान कारखानदाराचे एकाकीपण

मात्र या संपूर्ण यंत्रणेचा लाभ कोणाला झाला? सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती हजार कामगारांच्या कारखान्याला होती. परिषदेच्या वर्गांना मोठ्या कंपन्यांचे अधिकारी जात. तेलाची गिरणी, जिनिंग-प्रेसिंग, यंत्रमाग, पत्रा कापण्याचे प्रेस, लाकडाची वखार, मालवाहू ट्रक अशा व्यवसायांतील मालक बहुधा स्वतःच व्यवस्थापक, स्वतःच खरेदीदार आणि स्वतःच हिशोबनीस असतो. दहापेक्षा कमी माणसे असतील तर कारखाना कायद्याचा निरीक्षक त्याच्याकडे सहसा फिरकत नसे. भरपाईचा कायदा मात्र अनेक कामांत माणसांची संख्या पाहत नव्हता. सल्ला पोहोचत नव्हता, दायित्व मात्र पोहोचत होते.

या दायित्वाचा आकारही आता पूर्वीचा राहिला नाही. भरपाईसाठी धरावयाच्या मासिक वेतनाची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये झाली. तीस वर्षांच्या कामगाराचा मृत्यू झाल्यास निम्मे वेतन, म्हणजे ७,५०० रुपये, गुणिले वयाचा गुणांक २०७.९८, या हिशोबाने भरपाई १५,५९,८५० रुपये होते. विमा नसलेल्या लहान उद्योगाला ही रक्कम पेलणे कठीण आहे. अशा वेळी मृताचे घर उद्ध्वस्त होतेच, मालकाचेही होते, आणि त्या उद्योगावर पोट भरणारी अन्य घरेही अडचणीत येतात. याउलट पत्रा कापण्याच्या प्रेसला दोन्ही हातांनी दोन कळा दाबल्याखेरीज न चालणारी रचना बसविली, तर बोटे पात्याखाली सापडतच नाहीत. तिचा खर्च एका तुटलेल्या बोटाच्या दुःखापुढे नगण्य आहे.

व्यवहाराच्या या हिशोबाला जैन आचारशास्त्रात जुना आधार आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपणाचा, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादण्याचा, स्पष्ट समावेश आहे. आणि हिंसेच्या विवेचनात प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान आहे. ‘इजा करण्याचा हेतू नव्हता’ एवढ्याने गृहस्थाची सुटका होत नाही. आधुनिक कायदा वेगळ्या वाटेने, अनेक अपघातांची किंमत मोजून, याच जाणिवेच्या जवळ येऊन पोहोचला.

नवी संहिता आणि पुढील वाट

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या. जुना भरपाई कायदा आणि कर्मचारी राज्य विमा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत, तर कारखाना कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, नोकरीशी त्याचा संबंध दिसत असल्यास, आता भरपाईच्या कक्षेत आला. निरीक्षकाचे पदनामही पालटले. तो आता निरीक्षक आणि साहाय्यकही आहे. मालकाला आणि कामगाराला कायद्याच्या पालनाविषयी सल्ला देणे हे त्याचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले आहे. १८८१ मध्ये ज्याच्याविषयी केवळ धास्ती होती, त्याच्याकडून मार्गदर्शनाची अपेक्षा कायद्यानेच व्यक्त करावी, हा दीडशे वर्षांच्या वाटचालीचा अर्थपूर्ण टप्पा होय. मात्र त्याच संहितेने वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहावरून वीस कामगारांवर नेली, त्यामुळे लहान कारखानदाराचा प्रश्न पूर्णपणे सुटला असे म्हणता येत नाही.

ती उणीव भरून काढण्याचा मार्ग इतिहासानेच दाखविला आहे. १९२० च्या दशकात गिरणीमालकांनी एकत्र येऊन निधी व अनुभव यांची देवाणघेवाण केली. आजचे व्यापारी संघ, औद्योगिक वसाहतींच्या संघटना आणि सहकारी संस्था यांना तेच करता येण्याजोगे आहे. वर्षातून एकदा यंत्रांची सामुदायिक तपासणी, विम्याच्या मुदतीची आठवण, अपघातानंतरच्या पहिल्या दिवशी काय करावे याचे एक पानी मराठी टिपण, आणि राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांशी भीतीवाचून संवाद, एवढ्यानेही पुष्कळ साधेल.

लोखंडे यांच्या सभेत सह्या करणाऱ्या त्या साडेपाच हजार कामगारांनी जखमी माणसाच्या निर्वाहाची हमी मागितली होती. ती हमी कायद्याने दिली. परंतु संध्याकाळी प्रत्येक माणूस धडधाकट घरी परतावा, ही हमी केवळ कायदा देऊ शकत नाही. ती दररोज सकाळी यंत्र सुरू होण्यापूर्वी, त्याचे आवरण जागेवर आहे की नाही हे पाहणाऱ्या मालकाच्या सावधपणातूनच मिळते.